राजदूताच्या उजव्या हाताची खुर्ची

इझ्वोरमध्ये माणूस मेला की तो भिंतीवर येतो. घराच्या फाटकावर, बसच्या थांब्यावर, विजेच्या खांबावर, पावाच्या दुकानाच्या दारावर, काळ्या चौकटीत फोटो आणि खाली चार ओळी. चाळीस दिवसांनी नवं पत्रक, सहा महिन्यांनी नवं, वर्षानं पुन्हा नवं. घरचे आपलं लावतात, शेजारी आपलं, कचेरीतले आपलं. जिवंतपणी ज्याला कुणी कॉफी विचारली नाही त्याचीही मेल्यावर तीन-तीन पत्रकं लागतात, आणि कुणाला किती लागली हे गावातल्या बायकांना तोंडपाठ असतं.

तेव्हा राजदूत ल्युबेन मिंचेव यांना जाऊन सहा महिने होत होते म्हटल्यावर नेवेनानं पत्रक छापायचं ठरवलं, यात नवल काही नव्हतं. राजधानीत, सोफियाला, कॉलेज सुरू व्हायला अजून दोन आठवडे होते. मजकूर तिनं उन्हाळाभर मनात घोळवला होता. सप्टेंबरातल्या त्या शुक्रवारी सकाळी ती स्तांकाबाईंच्या दुकानात गेली. तिथं एका बाजूला शवपेट्या, एका बाजूला मेणबत्त्या आणि मध्ये छपाईचं यंत्र. स्तांकाबाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून कागद वाचला.

"'तुम्ही मला जगाचं दार उघडून दिलंत. तुमची एकमेव विद्यार्थिनी, नेवेना.'" त्यांनी वर पाहिलं. "एकमेव?"

"हो. का?"

"अगं, असं कसं होईल? परवाच पोस्टातली ती पोरगी येऊन हेच छापून घेऊन गेली की."

"कोण पोरगी?"

"झोर्नित्सा. पेएवांची. यंदा उन्हाळ्यात पोस्टाच्या खिडकीवर बसते ना, ती." स्तांकाबाईंनी खणातून एक उरलेली प्रत काढून पुढे सरकवली. "मला वाटलं, तुम्ही दोघी मिळूनच लावताय."

तोच फोटो. निळ्या टायचा. आणि खाली: *सगळं तुम्हीच शिकवलंत. तुमची एकमेव विद्यार्थिनी, झोर्नित्सा.*

नेवेनानं ते दोनदा वाचलं. आधी तिला वाटलं, खोटं आहे. मग वाटलं, कुणीतरी थट्टा केली आहे. पण मेलेल्या माणसाच्या पत्रकावर थट्टा करण्याइतकं इझ्वोर अजून सुधारलेलं नव्हतं.

"तिचं चूक आहे," ती म्हणाली.

"मग तू 'पहिली विद्यार्थिनी' घाल. भांडण मिटलं."

"पहिली म्हटलं की दुसरी आहे असं होतं."

"आहेच की!"

"नाहीये. एकमेवच ठेवा. आणि अक्षरं मोठी करा."

"मोठी करते, जाड करते, हवं तर सोनेरी करते," स्तांकाबाई यंत्राकडे वळत म्हणाल्या. "पण मेलेल्या माणसाला सवती आणू नका गं पोरींनो. बिचाऱ्याला तिथं तरी निवांत पडू द्या."

नेवेनाला हसू आलं नाही. ती गुंडाळी काखेत मारून आणि खळीचा डबा घेऊन बाहेर पडली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर कुणी म्हणेल, एका म्हाताऱ्यावरून दोन पोरींनी एवढं काय जळायचं.

नेवेना तेरा वर्षांची असताना मिंचेवसाहेब नोकरी संपवून आईवडलांच्या जुन्या घरी राहायला आले. पाच देशांत राजदूत म्हणून राहिलेला माणूस इझ्वोरमध्ये द्राक्षांचा मांडव छाटत बसतो, याचं गावाला पहिले सहा महिने भारी कौतुक होतं. मग ते विरलं. शाळेत त्यांचं भाषण ठेवलं होतं. मुलांनी विचारलं, तुमच्याकडे गाडी कुठली होती? ड्रायव्हर होता का? बंदूक होती का? मागच्या बाकावरून नेवेनानं विचारलं, "एकमेकांशी न बोलणारे दोन देश जेवायला आले तर त्यांना कुठं बसवता?"

साहेब म्हणाले, "शनिवारी दुपारी घरी ये. दाखवतो."

आणि दाखवलं. त्यांच्याकडे एक तपकिरी चामड्याची पाटी होती, पुस्तकासारखी मिटणारी, कोपऱ्यांना पितळ लावलेली. उघडली की मध्ये लांबट टेबल रेखलेलं आणि त्याच्या चहूबाजूंनी बारीक खाचा. प्रत्येक खाचेत एका पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी खोचायची. मेजवानीच्या आधी राजदूत लोक या पाटीवर तासन्‌तास डोकं लढवतात, असं ते म्हणाले. यजमानाच्या उजव्या हाताला पहिला मान, डाव्या हाताला दुसरा, मग पुन्हा उजवीकडे तिसरा. सहा वर्षं दर शनिवारी ती पाटी मध्ये ठेवून दोघं बसायची. चिठ्ठ्यांवर देशांची नावं नसायची, गावातल्या माणसांची असायची. महापौर, पाद्री, भट्टीवाला आणि ज्याचं त्याच्याशी अकरा वर्षं बोलणं बंद आहे तो त्याचा मेव्हणा.

"भट्टीवाल्याला मेव्हण्यासमोर बसवलंस. सूप यायच्या आधी तो उठून गेला. आता काय करशील?"

"पाद्रीला मध्ये बसवीन."

"पाद्री बहिरा आहे. अजून मोठ्यानं भांडतील."

नेवेना हसायची आणि पुन्हा चिठ्ठ्या उपसायची. आपणही एक दिवस असंच कुठल्या तरी देशात, खऱ्या पाटीवर खरी नावं खोचणार, हे तिनं पंधराव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. आईला हिशेबनीस मुलगी हवी होती, नेवेनानं ऐकलं नाही. सोफियाच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांना प्रवेश मिळाला तेव्हा बस सुटायच्या आधी साहेब थांब्यावर आले होते. म्हणाले, "मला एकच विद्यार्थिनी आहे. लक्षात ठेव."

दोन वर्षं ती त्या वाक्यावर जगली. विभागात सगळे तिला 'राजदूताची नेवेना' म्हणायचे आणि तीही म्हणू द्यायची. आणि इकडे तिची पाठ वळल्यावर तिच्याच खुर्चीत ही पेएवांची पोरगी येऊन बसली होती?

एक गोष्ट नेवेना कुणाला सांगत नव्हती. सोफियाला गेल्यावर तिचे शनिवार हळूहळू आटले होते. आधी दर महिन्याला यायची, मग परीक्षा, मग मैत्रिणी, मग कंटाळा. फेब्रुवारीत साहेबांचा फोन आला होता. वीस मार्चला पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, छोटं जेवण ठेवलंय, येशील ना? येईन म्हणाली. चौदा मार्चला ते गेले. नववर्षानंतर तिनं त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं. आणि जी रोज गावात होती, जिला केव्हाही फाटक उघडून आत जाता येत होतं, ती आता 'एकमेव' म्हणवत होती. याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

तिनं बसच्या थांब्यावर पत्रक लावलं. तिथं झोर्नित्साचं होतंच. पावाच्या दुकानाशी, तिथंही होतं. शाळेच्या कुंपणावर, तिथंही. सगळीकडे ही बया आधी पोचलेली. नेवेनानं प्रत्येक ठिकाणी आपलं पत्रक शेजारी पण जरा वर लावलं.

शेवटी ती साहेबांच्या गल्लीत आली. दुपारची वेळ होती, अंगणाअंगणात मिरच्या भाजणं चाललं होतं आणि गल्लीभर तो खमंग धूर होता. फाटकावर डावीकडे घरच्यांचं पत्रक आणि उजवीकडे, ऐन नजरेसमोर, झोर्नित्साचं.

चिकटवलेलं पत्रक फाडायचं नसतं आणि त्यावर दुसऱ्यानं आपलं चिकटवायचं नसतं. ते वाऱ्यापावसानं जाईल तेव्हा जाईल. हे कुठं लिहिलेलं नाही, पण इझ्वोरमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दारू पिऊन चर्चच्या पायरीवर झोपणारा माणूसदेखील हे कधी करत नाही.

नेवेनानं गल्लीत खाली पाहिलं, वर पाहिलं. मग ब्रश डब्यात बुडवला आणि झोर्नित्साच्या पत्रकावर सरळ आपलं पत्रक थापलं.

पण कागद ओला होता. ओल्या कागदातून खालचं सगळं वर दिसायला लागलं. फोटोवर फोटो जरा सरकून बसला आणि साहेबांना चार डोळे आले. 'नेवेना'च्या पोटातून 'झोर्नित्सा' डोकावू लागली. तिनं घाईघाईनं बाहीनं पुसलं तर ते आणखीच स्पष्ट झालं. "वाळलं की जाईल," असं स्वतःशी पुटपुटत ती खालमानेनं गल्लीतून निघून गेली.

शनिवारी सकाळी सगळे दफनभूमीत जमले. पाद्री आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात प्रार्थना म्हणून गेला. स्लाव्कामावशी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, काळ्या स्वेटरमध्ये आणखीच लहान दिसत होत्या. थडग्यावर वाइन ओतली गेली. मग उकडलेले गहू वाटायला निघाले. पिठीसाखरेचा थर, त्यावर बदामांचा क्रूस, अगदी रेखीव. वाटत होती एक उंच, हडकुळी मुलगी, केस मागे घट्ट बांधलेली.

"गहू झोर्नित्सानं केलेत," स्लाव्कामावशी सगळ्यांना सांगत होत्या. "मला एका भांड्याला हात लावू दिला नाही."

नेवेना पेपरात गुंडाळलेली शेवंती घेऊन उभी होती. गहू आणायचं तिला सुचलंच नव्हतं. झोर्नित्सा तिच्यासमोर आली आणि कागदी पेल्यात दोन चमचे गहू घातले.

"देव त्यांना क्षमा करो," झोर्नित्सा म्हणाली.

"देव क्षमा करो," नेवेना म्हणाली.

"तू नेवेना ना? साहेब सारखं तुझ्याबद्दल बोलायचे. नेवेना असं म्हणाली, नेवेना तसं म्हणाली. मी तर वैतागायचे."

यावर माणसानं काहीतरी बरं बोलावं. नेवेना म्हणाली, "असं? तुझ्याबद्दल मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत."

झोर्नित्साचा चमचा क्षणभर थांबला. "बुधवारचं बुधवारी ठेवायचे ते," ती म्हणाली. "मी बुधवारी जायचे. तू गेल्यापासून."

"पोस्टाचं काम शिकायला?"

"फ्रेंच. आणि पत्रं लिहायला." मग जरा लाजून, "मला सोफियाला मिळालंय. तुझ्याच विभागात. एक ऑक्टोबरपासून."

नेवेनानं गव्हांचा पेला खाली घेतला. म्हणजे विभागातही. तिथंही ही येणार, आणि पहिल्याच आठवड्यात सांगणार की आमच्या गावी एक राजदूत होते, त्यांनी मला शिकवलं. आणि मुलं म्हणणार, अरे, ते तर नेवेनाचे! आणि मग दोन राजदूताच्या पोरी, एक मोठी, एक धाकटी. तिनं कसंबसं "अभिनंदन" म्हटलं. तो शब्द तिच्या तोंडातून इतका आंबट निघाला की शेजारची म्हातारी वळून बघायला लागली.

जेवायला बारा माणसं साहेबांच्या घरी आली. घेवड्याचं सूप, भात भरलेल्या मिरच्या, पाव. राकिया या फळांच्या दारूचे प्याले भरले, पण असल्या जेवणात प्याल्याला प्याला लावायचा नसतो, तेव्हा सगळ्यांनी तो नुसताच उचलला आणि घोट घेतला. झोर्नित्सा उठून उठून स्वयंपाकघरात जात होती. चमचे कुठल्या खणात, मीठ कुठल्या बरणीत, सगळं तिला माहीत. नेवेनानं एकदा मदतीला म्हणून कपाट उघडलं तर आत औषधं निघाली.

सूप संपत आलं तेव्हा स्लाव्कामावशींनी नॅपकिनला हात पुसले. "एक गंमत बघितली का? गावभर दोन पोरींची पत्रकं. शेजारी शेजारी. दोघीही एकमेव." टेबलावर हशा पिकला. "पण माझ्या फाटकावर मात्र एकच. झोर्नित्सा, तुझं मी परवा बघितलं होतं गं. गेलं कुठं?"

नेवेनाच्या कानापर्यंत रक्त चढलं. तिनं सुपात नजर खुपसली.

"वाऱ्यानं गेलं असेल," झोर्नित्सा पाव तोडत म्हणाली. "खळ पातळ झाली होती माझी."

भट्टीवाला म्हणाला, "परवापासून वारा कुठाय?" पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण त्याचा मेव्हणा समोर बसला होता आणि तो बोलला की सगळे दुसरीकडे बघतात.

नेवेनानं श्वास सोडला. बावळट आहे, तिला कळलंसुद्धा नाही, असं तिच्या मनात आलं आणि जरा बरं वाटलं. असल्या पोरीला राजदूत व्हायचंय!

मग स्लाव्कामावशी आतल्या खोलीत गेल्या आणि ती पाटी घेऊन आल्या.

नेवेनाचा हात आपोआप पुढे झाला. चामड्याचा वास, पितळेचे कोपरे, डाव्या बाजूला तिनंच पंधराव्या वर्षी सांडलेल्या कॉफीचा डाग. जगातली दुसरी कुठलीच वस्तू तिला इतकी हवी नव्हती.

"वाढदिवसाच्या जेवणाची मांडणी आहे ही," स्लाव्कामावशी म्हणाल्या. "आठवडाभर आधी केलेली. ते जेवण काही झालं नाही. मी उघडली नाही परत. आता विचार केला, ही त्यांच्या विद्यार्थिनीला द्यावी. पण विद्यार्थिनी आहेत दोन. मी कुणाला देऊ? त्यांनीच ठरवू दे. ज्या पोरीला त्यांनी वरचा मान दिलाय, तिनं न्यावी."

"हे काय असतं?" झोर्नित्सानं विचारलं.

नेवेनानं तिच्याकडे पाहिलं. खरंच तिला माहीत नव्हतं. दोन वर्षं बुधवारी येत होती, चमच्यांचे खण ओळखत होती, आणि साहेबांनी तिला ही पाटी कधी दाखवली नव्हती! नेवेनाला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिला खोकावं लागलं.

"मला वाचता येते," ती म्हणाली. "मी सांगते."

टेबलावर जागा करून तिनं पाटी उघडली. अकरा चिठ्ठ्या होत्या. मध्ये यजमान, 'ल्युबेन'. त्याच्या डाव्या हाताला: नेवेना.

उजव्या हाताला: झोर्नित्सा.

तिनं पुन्हा पाहिलं. पाटी उलटी धरलीय का तेही पाहिलं. उलटी नव्हती.

"काय गं?" महापौरांच्या बायकोनं मान लांब केली. "काय लिहिलंय? आम्हाला कसं कळणार?"

तेच तर होतं. कुणालाच कळणार नव्हतं. बारा माणसांत कोणत्या हाताला कोणता मान हे तिला एकटीला ठाऊक होतं. डावी बाजू काळजाची, म्हणून पहिला मान डावीकडे, असं ती म्हणाली असती तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि पाद्रीनं कदाचित टाळीही वाजवली असती. शब्द तिच्या जिभेवर आले होते. झोर्नित्सा समोर बसून तिच्याकडे बघत होती, भोळ्यासारखी, हात मांडीवर ठेवून.

नेवेना खोटं बोलली नाही. पण तिला देवमाणूस ठरवू नका. तिच्या मनात एवढंच आलं की ही पाटी नीट वाचता येणारी मी एकटी आहे, आणि मीच चुकीची वाचली तर ती नीट वाचणारं या जगात कुणीच उरणार नाही. मग साहेबांनी शिकवलेलं माझ्याकडे काय राहिलं? खुर्ची गेली ती गेली, वाचणं तरी माझं राहू दे. यात प्रेम होतं की गुर्मी होती, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"यजमानाच्या उजव्या हाताला पहिला मान," ती म्हणाली. "उजवीकडे झोर्नित्सा आहे. डावीकडे मी. पाटी तिची."

महापौरांच्या बायकोनं मान मागे घेतली. स्लाव्कामावशी मात्र कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या, आणि मग त्या एकदम हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"अगं पोरी! उजवं-डावं मला कुठलं कळतंय? हात थरथरत होते त्यांचे, चिठ्ठी धरवत नव्हती. उशीवरून म्हणाले, 'दोन्ही पोरींना माझ्या शेजारी बसव.' मीच खोचल्या. हाताला लागल्या तशा. तू उजवं-डावं म्हणालीस तेव्हा आठवलं."

"तुम्ही?" नेवेना म्हणाली.

"मीच तर! चाळीस वर्षं त्यांची मेजवानी मांडली, पण ती पाटी कधी माझ्या डोक्यात शिरली नाही. मला एवढंच कळतं की सूप गरम असावं."

सगळे हसले. नेवेनाच्या हातून पाटी निसटायची राहिली. म्हणजे काहीच ठरलेलं नव्हतं! साहेबांनी डावं-उजवं केलंच नव्हतं, आणि तिनं स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर आपली खुर्ची देऊन टाकली होती. आता तरी झोर्नित्सानं म्हणावं, राहू दे, तूच ने. कुठलीही शहाणी मुलगी म्हणाली असती. नेवेना वाट बघत राहिली.

"वाचलं ते वाचलं," झोर्नित्सा म्हणाली, आणि दोन्ही हात पुढे केले. "दे."

नेवेनानं दिली. द्यायलाच लागली. मिरच्या आल्या तेव्हा तिला त्यांची चव कळली नाही.

चारच्या सुमाराला माणसं पांगली. नेवेना फाटकाशी आली तेव्हा झोर्नित्सा आधीच तिथं उभी होती, पाटी काखेत धरून. खांद्याच्या पिशवीतून तिनं एक गुंडाळी काढली आणि खळीची बाटली.

"हे काय?" नेवेनानं विचारलं.

"माझं पत्रक. एक उरलं होतं." फाटकाच्या लाकडावर, नेवेनाच्या पत्रकाला लागून, ती ब्रश फिरवू लागली. "तुझ्या खालचं राहू दे तसंच. आता काढलं तर दोन्ही फाटतील."

नेवेना एक पाऊल पुढे आली. "वाऱ्यानं गेलं म्हणालीस ना आत?"

"म्हणाले."

"मग?"

"काल दुपारी मी पोस्टाची सायकल ढकलत गल्ली चढत होते. तू बाहीनं पुसत होतीस." झोर्नित्सानं मान तिरकी करून जागा बघितली. "साहेबांना चार डोळे आले होते."

"सगळ्यांसमोर का नाही सांगितलंस? मावशींनी विचारलं तेव्हा?"

"सांगून काय मिळालं असतं? मावशींचं जेवण नासलं असतं. तू रडत गेली असतीस. आणि ते म्हणायचे ना, माहीत असलेलं सगळं टेबलावर मांडायचं नसतं."

"कोण म्हणायचं?"

"साहेब. दर बुधवारी म्हणायचे. तुला नाही म्हणाले?"

नेवेनानं सहा वर्षांचे शनिवार भराभर चाळले. महापौर, पाद्री, भट्टीवाला, उजवा हात, डावा हात. हे वाक्य कुठं सापडेना. खुर्ची गेली होती तेव्हाही तिला एवढं लागलं नव्हतं. मान कुणाचा, खुर्ची कुणाची, कोण कुणाशेजारी, हे सगळं त्यांनी तिला शिकवलं, आणि तोंड केव्हा मिटायचं ते नेमकं या पोरीला. आत त्या टेबलावर दोन राजदूत बसले होते म्हटलं तर त्यातला चांगला राजदूत कोण, हे आता नेवेनाला कळत होतं, आणि तिचा असा काही जळफळाट झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"नाही," ती म्हणाली. "मला कधीच नाही म्हणाले."

"आणि मला ही पाटी कधी नाही दाखवली," झोर्नित्सा म्हणाली. तिचाही आवाज आता तेवढा गोड नव्हता. "तू ती उघडलीस ना, तेव्हा वाटलं, तुझ्या हातातून हिसकावून घ्यावी. म्हणून तर 'तूच ने' असं म्हटलं नाही. तुला वाटलं मी मोठेपणानं देऊन टाकीन?"

"वाटलं होतं."

"दिली नसती कधी."

पलीकडच्या अंगणातून मिरच्यांचा धूर येत होता.

"आणखी काय काय सांगायचे बुधवारी?" नेवेनानं शेवटी विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"सांगेन. आधी तू मला ही वाचायला शिकव."

"आधी तू सांग."

"पाटी माझ्याकडे आहे," झोर्नित्सा म्हणाली आणि ओला कागद फाटकावर टेकवला. "तो खालचा कोपरा धर जरा, सुरकुती पडतेय."

नेवेनानं कोपरा धरला. कागद दोघींच्या हातांखाली सपाट झाला. झोर्नित्साचं पत्रक आपल्यापेक्षा चांगलं बोटभर वर लागतंय, हे नेवेनाला स्पष्ट दिसत होतं. ती काही बोलली नाही.